तळहाताच्या रेषा

ताई,

हिला दवाखान्यात दाखल केलंय. सकाळी उठताना चक्कर येऊन पडली. सलाइन आणि इंजेक्शननंतर आता बसून बोलतेय, घाबरू नकोस. मी कपडे न्यायला आलो होतो. येताना हिचा चष्मा आण, मला सापडला नाही.

तू रंगाच्या दुकानात दिवसभर छटा जुळवतेस. महिन्यापूर्वी म्हणालीस, हिच्या तळहाताच्या रेषा काळपट पडल्यात. मी म्हणालो, घरी तरी शेडकार्ड मिट. आज डॉक्टरांनी आधी त्याच रेषा पाहिल्या, मग हिरड्या. थकवा, उतरलेलं वजन, उभं राहिलं की घसरणारं बीपी, मिठाची ओढ, सगळ्याचं मूळ एकच निघालं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन एवढ्याशा ग्रंथी. त्या थकल्या की उभं माणूस आडवं होतं. मी अजून अवाक आहे, त्या ग्रंथींपुढे आणि तुझ्या नजरेपुढेही.

गोळ्या आता जन्मभर. डॉक्टर म्हणाले, मीठ खात होती म्हणून इतके दिवस तगली असेल.

इतकं मीठ बरं नव्हे म्हणत मिठाची बरणी मीच माळ्यावर टाकली होती. ती ओट्यावर ठेवलीय. कपाटातून हिचे कपडे काढताना साड्यांच्या घडीत मिठाची पुरचुंडी सापडली. चौदा वर्षांच्या संसारात हिनं माझ्यापासून लपवलेली ही एकच वस्तू. ती तिथंच राहू दे.