शनिवार-रविवारच्या गोळ्या

बेतिओ, तारावा
मंगळवार

थोरल्या ताईस,
धाकट्या भावाचा, तेकाईचा, वाकून नमस्कार. मौरी!

तू, तान्ही नात आणि डुकरं कशी आहेत? (डुकरांचं आधी कळव. प्रकृतीच्या बाबतीत ती खोटं बोलत नाहीत.) माझं म्हणशील तर क्षय सोडून सगळं उत्तम आहे.

काल माझी चांगलीच शोभा झाली. आमची नर्स तिरेआ रोज सकाळी येते आणि चार गोळ्या माझ्या घशाखाली उतरल्याशिवाय हलत नाही. साठीच्या माणसाला जीभ उचलून दाखवायला लावते! शनिवार-रविवारच्या गोळ्या मात्र शुक्रवारीच विश्वासाने हातात ठेवते. नेमकी तू इथे खोकत आलीस आणि म्हणालीस, "बुबुती, तेकाई. त्या गोळ्या मला दे." नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून मागितलं की नाही म्हणायची आपल्यात सोय आहे का? आपल्या बाबांनी असली-नसली होडी देऊन टाकली होती, मी गोळ्या धरून बसू? तीन आठवडे बोटीने तुला पाठवत राहिलो, आणि वर स्वतःलाच शाबासकीही देत राहिलो.

काल तिरेआने विचारलं, "काका, लघवीचा रंग कसा आहे?" मी छाती काढून सांगितलं, "आठवडाभर नारिंगी असते, पण सोमवारी अगदी निर्मळ. रविवारच्या प्रार्थनेचा गुण!" पोरगी मटकन खाली बसली. तो नारिंगी रंग गोळ्यांचाच असतो म्हणे.

मग माझी जी हजेरी घेतली! "काका, हे जंतू फुप्फुसात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. शरीर थकलं की उठतात आणि आतून पोखरतात. गोळ्या चुकवल्या तर कच्चे तेवढे मरतात, उरलेले निगरगट्ट होतात. मग ते या गोळ्यांना भीक घालत नाहीत." मी म्हटलं, "म्हणजे अगदी आमच्या मेव्हण्यासारखे!" ती हसली नाही. रडायला लागली. तिची आई अशीच गेली, ताई, जरा बरं वाटताच गोळ्या सोडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी थुंकी पुन्हा तपासायला गेली आहे. मी तुझं नाव सांगितलं नाही. (ते तिच्या वहीत, तपासायच्या नातेवाइकांच्या यादीत, आधीच होतं.) मला भीती वाटते आहे, माझ्यासाठी कमी आणि तुझ्यासाठी जास्त.

तुझा,
तेकाई

ता. क. खारवलेले मासे पोचले. फार छान होते.

ता. क. दुसरा. खोकला थांबला म्हणून खूश होऊ नकोस, तो दबून बसला असेल. नात तुझ्या कुशीत झोपते ना? हा आजार श्वासातून जातो. तिलाही घेऊन शनिवारच्या बोटीने ये, दोघींची तपासणी करू. आणि कारणं सांगू नकोस, ताई. आयुष्यात प्रथमच तुझ्याकडे काही मागतो आहे: बुबुती. मला माझी बहीण दे.