भोगीच्या भाजीतले वाटाणे

रावेर,
दि. १७ जानेवारी १९८८

तीर्थरूप सुनंदाआत्या,

एखाद्या माणसानं आपण होऊन अट घालावी आणि त्या अटीत आपणच हरावं अशी त्याची मनापासून इच्छा असावी, तर त्याला हरवणं हा आपला विजय म्हणायचा की आज्ञापालन? मी बी.ए. झाले, तर्कशास्त्राचा पेपरही दिला, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुम्हाला कदाचित येईल, कारण तो माणूस तुमचा सख्खा धाकटा भाऊ आहे.

तर आधी तुमच्या पायांवर डोकं ठेवते. तात्यांचा गुडघा कसा आहे? निर्गुडीच्या पाल्यानं शेकत असतील तर उत्तमच, पण म्हणून पांझरेकाठी फिरायला जाणं सोडू नये, असं मी वाचलंय. (मी वाचलेलं या घरात कोणी ऐकत नाही, म्हणून ते टपालानं बाहेरगावी पाठवते.) आमच्याकडे सगळे खुशाल. मायची कंबर ठीक, आबांचा आवाज नेहमीसारखा, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ठीक.

दिवाळीत तुम्ही आला होता तेव्हा मी ओट्यावर परसबागेविषयी बोलत होते आणि तुम्हाला तिथेच डुलकी लागली होती, म्हणून थोडं पुन्हा सांगते. आपल्या गावातून ट्रकच्या ट्रक केळी भरून जातात, पण ताटात हिरवी भाजी दिसते ती बाजाराच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी. घरामागे न्हाणीचं पाणी नुसतं वाहून जातं. तेवढ्या पाण्यावर प्रत्येक बाईला घरची भाजी पिकवता येईल, हे मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कळलं आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. हे सांगता सांगता मी हेही सांगून टाकलं की जूनमध्ये मला बी.एड.ला धुळ्याला, तुमच्या देवपूरला जायचंय. आबा ‘जा’ म्हणायच्या बेतात होते, मी त्यांचा चेहरा ओळखते. पण शेजारी जीवरामकाका बसले होते. (आबांचे हे चुलतभाऊ चोपड्याचं एक स्थळ दसऱ्यापासून खिशात घालून हिंडताहेत.) चारचौघांत पोरीचं ऐकलं असं दिसणं आबांना जमत नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि अट घातली. भोगीच्या भाजीत आपल्या परसातला वाटाणा पडला तर मी देवपूरला जायचं, नाही पडला तर माघात चोपड्याचे पाहुणे बोलवायचे. काकांनी लगेच दुरुस्ती सुचवली, की दोन दाण्यांचं कौतुक नको, टोपलीभर शेंगा निघाल्या पाहिजेत. वाटाणाच का, तर आमच्या गावात तो कोणी लावत नाही. “वाटाना थंडीचा. आपल्याकडे थंडी पाव्हनी येते अन् च्या पिऊन चालली जाते,” काका म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसले. त्या हसण्यानं तुम्ही जाग्या झालात आणि “हो हो, जाऊ दे तिले” म्हणालात. पण तुम्ही कशाला हो म्हणालात हे तुम्हालाच ठाऊक नसल्यानं ते धरलं गेलं नाही.

निफाडच्या मैत्रिणीनं तिच्या शेतातलं बी पाठवलं. त्यातलं अर्धं मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रात्री तांब्यात भिजत घातलं आणि सकाळी उठून पाहते तर मायनं त्याची उसळ केलेली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला खरोखर आश्चर्य वाटलं. भिजलेला वाटाणा दिसल्यावर दुसरं काय करतात, असं तिनं मलाच विचारलं. (उसळ चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. तत्त्व आणि भूक यांची गल्लत करू नये.) उरलेलं अर्धं बी मी कोरडंच पेरलं आणि त्याच्या राखणीला बसले. कोंब वर आले तशा चिमण्या आल्या, म्हणून वाफ्याभोवती मायचं जुनं लुगडं कनातीसारखं बांधलं. तर गल्लीत बोभाटा झाला की आमच्या परसात काहीतरी झाकून ठेवलंय. बेबाबाई तर हळदकुंकू घेऊनच आली. तिला वाटलं, देव निघाला. मी तिला परसबागेचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना लुगड्यालाच कुंकू लावून गेली.

पुढे मात्र आत्या, वेल असे वाढले की बघणाऱ्याची मान दुखावी. आधाराला कपाशीच्या वाळक्या काटक्या, पऱ्हाट्या रोवल्या होत्या, त्या संपल्या. मग वेल धुण्याच्या तारेवर गेले. आबांच्या वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीत एक वेल शिरला, आणि आबा तो सदरा तसाच घालून, मनगटापाशी हिरवं पान मिरवत सोसायटीच्या मीटिंगला जाऊन आले. सगळं गाव वेल बघून गेलं. फूल मात्र एक नाही! काका रोज सकाळी येत, वर बघत आणि म्हणत, “मांडव तं झकास झाला. आता पाव्हनेच बोलवा.” मी वरून हसत होते, पण रात्री अंथरुणात मला चोपड्याची मंडळी ओळीनं चहा पिताना दिसायची.

पुस्तकात लिहिलं होतं की युरियासारखं खत जास्त झालं तर वाटाणा नुसता पाल्यावर जातो. पण मी तर चाळलेल्या शेणखताशिवाय काही घातलंच नव्हतं. मग एकदा पहाटे पाणी तापवायला उठले तर परसात कोणीतरी वाकलेलं. मफलर गुंडाळलेले आबा! एका हातात डबा, दुसऱ्या हातानं वेलांच्या बुडाशी युरिया टाकताहेत, अगदी केळीला टाकतात तसा मूठ मूठ, आणि वेलांशी बोलताहेत: “वाढ व माय, वाढ. पोरीचं नाक राख.”

मी दाराआड उभी राहिले. माझे डोळे भरून आले आणि रागही तेवढाच आला. त्या दिवशी आबा जेवायला बसल्यावर मी मायला मोठ्यानं सांगितलं की युरियानं वाटाण्याला फूल धरत नाही. आबांचा घास हातातच राहिला.

“युरिया कोन टाकते?” त्यांनी भिंतीला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा जागचा हलला नाही. मी पाणीही बेताचं केलं. आणि मग खरंच, आत्या, पांढरी फुलं आली, पिठाच्या बोटांनी चिमटून ठेवल्यासारखी. पहिली शेंग धरली तेव्हा मी मायला हात धरून परसात नेलं. तिनं शेंगेला नुसतं बोट लावून पाहिलं. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. भोगीच्या आदल्या दिवशी मी सगळ्या शेंगा तोडल्या तर ओंजळसुद्धा भरली नाही.

भोगीच्या सकाळी उठून पाहते तर ओट्यावर टोपलीभर शेंगा! आबा भल्या पहाटे ‘आपल्या परसातून’ तोडून घेऊन आले होते आणि काकांना हाक मारमारून दाखवत होते. माझ्या शेंगा आखूड, जरा वाकड्या. या लांब, भरलेल्या आणि टोपलीच्या तळाशी फुलकोबीचं एक पान. ते मी पाहिलं, आणि काकांनीही पाहिलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून जमीलाचाची (हिचे यजमान जब्बारचाचा बऱ्हाणपूरच्या मंडईतून भाजी आणून विकतात) अगदी प्रेमानं ओरडली, “चुडामनभाऊ, मटर मीठी निकली ना?” आबांना एकाएकी खोकला लागला. काका त्या वेळी पान निरखण्यात गुंतले होते, म्हणून वाचलो.

मला हे सहन होईना. खोट्या विजयावर शिक्षिका व्हायचं आणि मुलांना खरं बोला म्हणून शिकवायचं, हे कसं जमावं? दुपारी आबांना एकटं गाठून मी सांगितलं की या शेंगा बाजारच्या आहेत, मी हरले.

“बाजारच्या? कोन म्हनते?”

“आबा, त्यात फुलकोबीचं पान होतं.”

“मंग? शिकेल मानूस हाये घरात. फुलकोबीबी उगीन.”

मी सत्याविषयी आणखी थोडं बोलले. त्यांनी सुपारी कातरून होईपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “मी हारलो ना? हारलो तं हारलो. तू काहाले मधी पडते?”

भाजी फार चवदार झाली होती. काकांनी तीनदा घेतली.

बाकी सर्व क्षेम. तात्यांना साष्टांग नमस्कार.

तुमची लाडकी,
कोकिळा

ता. क. : जूनपासून वर्षभर तुमच्या घरी माझी सोय होईल का? जिन्याखालची जागा पुरे. भाजी मी पिकवीन. भिजत घातलेलं काही मला विचारल्याशिवाय शिजवायचं नाही, एवढीच विनंती.

ता. क. दुसरा : धुळ्याला येणाऱ्या लीलाधरभाऊंच्या हाती वाटाण्यांची पिशवी पाठवते. वरच्या शेंगा बऱ्हाणपूरच्या, आणि तळाशी कागदाच्या पुडीत आहेत त्या माझ्या. आबांनी विचारलं तर सगळ्याच घरच्या लागल्या असं सांगा.

ता. क. तिसरा : काकांच्या डोक्यातून ते फुलकोबीचं पान जाईना. वेलांवर शेंगा तोडल्याच्या खुणा किती आहेत ते उद्या सकाळी येऊन मोजतो, असं ते काल रात्री सांगून गेले. खरं बोलावं की आबांना सुखानं हरू द्यावं, यावर मी पुष्कळ विचार केला. आज काका यायच्या आधीच मी सगळे वेल मुळासकट उपटून म्हशीला घातले.