परदेशी कंपन्यांविषयी आपलं मत

वारजे, पुणे
११ फेब्रुवारी १९९६

ती. बाबांना सप्रेम जयभीम.

तुमच्या लाडक्या परदेशी कंपन्यांनी अखेर मलाही कामाला लावलं. स्वारगेटजवळच्या एका सर्वेक्षण संस्थेत लागले आहे. घरोघर जाऊन विचारायचं, जागतिक बँक आणि परदेशी कंपन्या देशाच्या भल्याच्या आहेत का.

काल मथुराबाई नावाच्या आजी म्हणाल्या, मेले लुटायला आलेत. लगेच विचारलं, नातवाला तिथं चिकटवता येईल का? मी ‘सांगता येत नाही’वर खूण केली. निम्म्या वारज्याचं हेच उत्तर आहे. साहेब म्हणतात, नोकरी मागणाऱ्यांची खूण ‘भल्याच्या’वर कर, नाहीतर कायम होण्याचं विसर. आपला धाकटा सौरभ इथं माझ्याकडे असून अजून बेकार, घरभाडं माझ्यावर. बाबा, फार कोंडी झाली आहे.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
आपली शर्मिला

सातारा
१८ फेब्रुवारी

चि. शर्मिलास जयभीम आणि आशीर्वाद.

साहेब हुशार दिसतात. लोकांना तोंड दिलंय कशाला, असा त्यांना प्रश्न पडत असावा. तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर मी याच कंपन्यांविरुद्ध घसा फोडला. तरीही मथुराबाई ‘भल्याच्या’ म्हणाल्या असत्या, तर तसंच लिही म्हणालो असतो. आपल्या माणसांच्या वतीने पिढ्यान् पिढ्या दुसरेच बोलत आले. तू ते करू नकोस.

जेवणाची हेळसांड नको.
तुझे बाबा

वारजे
२ मार्च

ती. बाबांना जयभीम.

खुणा बदलायला नकार दिला. साहेबांनी उद्यापासून येऊ नकोस, असं सांगितलं. घरी येऊन रडले, पण तुमचं पत्र जवळ होतं.

सौरभची एका परदेशी कंपनीत मुलाखत झाली. आता सगळी भिस्त त्याच्यावर. घरची चौकशी करायला त्यांचा माणूस तुमच्याकडे येईल. त्याला चहा द्या, भाषण नको.

माया असू द्या.
शर्मिला

सातारा
९ मार्च

चि. शर्मिलास जयभीम.

कंपनीचे हिंदुराव काल येऊन गेले. गृहस्थ अदबीचे. म्हणाले, आपण युनियनचे पुढारी होतात, आमच्याविषयी आपलं मत काय? सौरभचा अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

मी म्हणालो, कंपन्या चांगल्या आहेत, देशाचं भलंच होतंय. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सौरभची नोकरी पक्की आहे.

त्याला यातलं काही सांगू नकोस. तू माझं ऐकून नोकरी घालवलीस, आणि मला माझंच ऐकता आलं नाही. आज आशीर्वाद लिहायला हात धजावत नाही.

बाबुराव