गुंडाळीची आतली कड

प्रिय धाकट्या,

कणांचा झोत वळवणाऱ्या तुझ्या नव्या चुंबकाचा अहवाल पोचला. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत. नाव मोठं, लक्षण खोटं. शाळेत कविता म्हणताना तू अशी चाल लावायचास की बाई मान डोलवायच्या, आणि अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघायचास. ती खिडकी तू साहेब झालास तरी सोडली नाहीस.

आपण दोघं हातांनी चुंबकाची तार गुंडाळायचो ते दिवस आठवतात. तार गार ठेवणाऱ्या हेलियमची पांढरी वाफ जमिनीवरून सरकू लागली की मला पाठ्यपुस्तकातल्या धुक्याच्या कविता आठवायच्या, आणि तू म्हणायचास, दादा, आधी व्हॉल्व्ह बंद कर. तेव्हा तुला अक्कल होती.

उणे दोनशे एकाहत्तर अंशांवर झोपलेली, विजेला जराही न अडवणारी ती तार दीड-दोन अंशांनी तापली तरी जागी होऊन वीज अडवते आणि सगळं चुंबक बंद पडतं, हे का मी तुला सांगायचं? झोतातून भरकटलेले कण पडतात ते गुंडाळीच्या आतल्या कडेवर, नखाएवढ्या पट्टीत, आणि तापते ती तेवढीच. तू ती उष्णता भिंतीला चुना फासावा तशी सगळ्या गुंडाळीवर सारखी फासलीस. चाचणीतही हीटर सगळीकडे सारखे चिकटवलेस. पास होणार नाही तर काय? चटका बोटाला बसलाय, आणि हा पठ्ठ्या सगळ्या अंगाचा ताप काढून सरासरी सांगतोय.

तुझ्या हाताखाली उष्णतेचे हिशेब करणाऱ्या मुलीने आतल्या कडेचा आकडा तुझ्या सरासरीच्या चौपट निघतो असं दाखवलं, तर भर बैठकीत तू म्हणालास, ‘बाई, हे गणित तुमच्या जन्माआधी सुटलंय.’ आणि तिला बोल्टांच्या याद्या करायला बसवलंस. शाबास.

काल ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिने तुझ्या सूत्राखालच्या संदर्भावर फक्त बोट ठेवलं. तो संदर्भ ज्या पुस्तिकेचा, ती माझी होती, धाकट्या. आपल्या काळी झोत इतका दुबळा होता की सरासरी खपून जायची; पुढे खपणार नाही, ही एक ओळ लिहायचा मी कंटाळा केला. तू डोळे मिटून माझं ऐकलंस. सोमवारी समिती आराखड्यावर सही करणार. त्याच सकाळी मी माझं सूत्र चूक असल्याचं लिहून देतोय. त्याआधी आराखडा मागे घे, आणि चूक कोणी शोधली ते तिचं नाव घेऊन सांग. वरच्या शिव्या मी खोडत नाही. त्यातल्या निम्म्या मला लागू आहेत, त्या माझ्याकडे राहू देत.

तुझाच, चुकलेला,
दादा