गौराच्या पानांबद्दल मादामअक्कांना

प्रिय मादामअक्का,

तुम्ही गेलात हे कळलं तवा मी लिहिलं न्हाई. रडले, अर्धा दिवस तुरीचं दुकान बंद ठेवलं, अव्वाच्या फोटोशेजारी तुमचा फोटो लावला, झालं. आज लिहायलेय ते तुमच्या भाचीचा फ्रान्सवरून फोन आला म्हणून. तिचं इंग्रजी लंगडं, माझं त्याहून लंगडं. पण कळलं ते असं, की तुमचं शेवटचं पुस्तक छापायला निघालंय, त्यात माझ्या धाकट्या बहिणीवर, गौरावर, लिहिलेली काही पानं हायती, आणि गौरा हो म्हणली तरच ती छापायची असं तुम्ही बजावून गेलात. अक्का, जाता जाता आमच्या घरात हा तिढा कामून घालून ठेवलात?

तुम्ही पहिल्यांदा आलात ते अजून डोळ्यासमोर हाय. आळंदच्या आमच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला आला होतात, साडीचा पदर भलत्याच खांद्यावर घेऊन. जुन्या ग्रीक-रोमन लोकांची नीती शिकवते म्हणालात. अप्पांनी विचारलं, ती माणसं कवाच मेली, त्यांच्या नीतीचं आता काय करता? तुम्ही म्हणालात, त्यांनी विचारलेले प्रश्न अजून सुटले न्हाईत, म्हणून कामालाच पूजा मानणारे व्यापारी काय उत्तर देतात ते ऐकायला आले. अप्पा खूश! दर हिवाळ्याला ती खोली तुमचीच झाली.

पाववाल्याची पोर तुम्ही. वडील खेड्यात पाव भाजायचे आणि तुम्ही भट्टीच्या उबेला बसून ग्रीक पाठ करायचात. लग्न केलं न्हाई, घर बांधलं न्हाई. आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागं लागलात: आपल्याला जे ठाऊक हाय आणि समोरच्याला न्हाई, ते सांगायलाच पाहिजे का?

नुसतं लिहून थांबला असतात तर बरं होतं. तुम्ही तसं वागायलाही बघायचात! रोज संध्याकाळी जिन्यावर बसून दिवसभरात आपण काय काय बोललो ते आठवायचं, ही त्या जुन्या लोकांची रीत म्हणे. आणि सकाळी उठून भाजीवालीला सांगायला जायचं, की काल सुट्टे न्हाईत म्हणले ते खोटं होतं. ती बिचारी घाबरायची. अव्वानं पुरणाची होळगी कशी झाली विचारलं, तर तुम्ही घास खाली ठेवून विचार करत बसायचात. अव्वा म्हणायची, ह्या बाईला वाढायचं म्हंजे परीक्षेला बसायचं.

बाजारात तर तुम्ही अप्पांचं शेपूट झाला होतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची आमची जुनी रीत बघून तुम्हाला लई नवल वाटलं. एवढी खरी माणसं, मग हात कशाला झाकता? अप्पांनी सांगितलं, भाव झाकायचा, माल झाकायचा न्हाई. पोत्यात सळई खुपसून तळाची तूर गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची, किडकी असली तरी. ते ऐकून तुम्ही दिवसभर लहान पोरीसारख्या खुशीत होतात.

आणि मग उमरग्याचे पाव्हणे गौराला बघायला आले. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गौराला लहानपणी झटके यायचे. औषधानं ते कवाच थांबले होते, पण गोळी चालू होती. अप्पांनी, किडकी तूर दाखवणाऱ्या आमच्या अप्पांनी, सगळ्यांना बजावलं की तोंडातून शब्द काढायचा न्हाई. तुम्हालाही बजावलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. ती होची होती का न्हाईची, कुणालाच कळलं न्हाई.

चहा-पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि पोराची आई एकदम तुमच्याकडं वळली. म्हणली, तुम्ही शिकलेल्या, बाहेरच्या, तुम्हाला खोटं बोलायचं काय कारण? पोरीत काही कमी न्हाई ना? अव्वा हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी तुमच्याकडं डोळे वटारून बघायले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गौराचं गौराला विचारा. ती इथंच बसलीया."

आणि आमच्या त्या मुखदुर्बळ पोरीनं खाली घातलेली मान वर करून सगळं सांगितलं. गोळीचं नावसुद्धा सांगितलं!

स्थळ मोडलं. मोडणारच होतं. पाव्हणे गेल्यावर मी तुमच्यावर जे तोंड सोडलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुमचं पुस्तक होईल हो, पण आमच्या पोरीचं वाटोळं झालं, असं म्हणले. तुम्ही अडखळत म्हणालात, की माल झाकायचा न्हाई हे अप्पांनीच... मी पुरं बोलूच दिलं न्हाई.

"माझी बहीण म्हंजे तुरीचं पोतं हाय का?"

तुम्ही मग म्हणालात, "न्हाई. म्हणून तर मी सळई लावली न्हाई. तिला विचारा म्हणले."

तवा मला ती पळवाट वाटली. खरं सांगू? थोडी अजून वाटते. ती काय बोलणार ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. होतं ना? हे एकदा तुम्हाला समोर बसवून विचारायचं राहून गेलं, अक्का.

पुढं गौराचं लग्न हुलसूरच्या एका शाळामास्तराशी झालं. तिनं त्यांना आधीच सगळं सांगितलं. ह्याचं श्रेय मी तुम्हाला देणार न्हाई. मास्तर चांगला माणूस हाय, एवढंच. तुम्ही लग्नाला आलात, पंगतीत भात वाढलात, मी मागनं आमटी घेऊन आले, आणि आपलं बोलणं परत सुरू झालं ते तिथं.

आता अडचण ही, की गौराची पोरगी लग्नाची झालीय. स्थळं बघायलेत. आणि कडगंचीच्या विद्यापीठातल्या एक बाई तुमचं पुस्तक कन्नडमध्ये करणार हायती. त्यात गौराचं नाव बदललंय म्हणे. पण आळंद हाय, तुरीचं दुकान हाय, वरच्या खोलीतली फ्रेंच बाई हाय. आमच्याकडं ओळखायला किती वेळ लागतो? आईला झटके होते म्हणून पोरीला नको म्हणतील. एकदा बघितलंय की मी ते सगळं. परत त्या पोरीच्या वाट्याला कशाला?

म्हणून मी ठरवलं होतं, भाचीला परस्पर न्हाई म्हणून कळवायचं. गौराच्या कानावर घालायचंच न्हाई. फोन लावायला घेतला सुद्धा. पण तुमचं ते शांत तोंड समोर आलं, आणि तुमचा असा राग आला म्हणून सांगू! फोन आपटला आणि हुलसूरची बस धरली.

मायलेकी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी दोघींसमोर सगळं सांगितलं, माझी भीतीसुद्धा. गौरानं पोरीकडं बघितलं. पोरगी म्हणली, आई, तुझं हाय, तू ठरव, माझ्यासाठी थांबू नको. गौरा बराच वेळ शेंगाच फोडत राहिली. मला वाटलं, नको म्हणतीया. मनातून बरंही वाटलं.

मग मला म्हणली, "छापू दे, अक्का. फक्त ते बदललेलं नाव काढायला सांग, माझं खरं घालायचं. आणि हिला बघायला येणाऱ्यांना ते पुस्तक आधी पाठवून द्यायचं. वाचून आले तर चहा ठेवू."

तुम्ही असतात तर किती हसला असतात! तुमची लई आठवण आली मला तिथं, मादामअक्का. लई आली.

भाचीला उद्या तसंच कळवते. आणि तुम्हाला एक वचन देते. ते कन्नड पुस्तक आमच्या पत्त्यावर येईल, तवा मी पाकीट फोडणार न्हाई. तसंच्या तसं हुलसूरला नेऊन गौराच्या हातात देईन. आधी ती वाचंल, आणि मला दाखवायचं का न्हाई ते ती ठरवंल. हे माझ्यासारखीला किती जड जाणार हाय, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची भांडखोर,
शिवलीला
आळंद