काकूंची टॅक्सी आणि कॅमची मोटर

४ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

दादाकडे करमतंय ना? इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय. टॅक्सीवाल्या काकूंची गाडी सकाळी थंड असताना थरथरते आणि बंद पडते. तुम्ही सांगितलंत म्हणून ऑइल बदललं, उपयोग शून्य. काकू शनिवारपर्यंत थांबणार आहेत. नाही जमलं तर त्यांच्या सगळ्या टॅक्सी दुसरीकडे जातील, आणि मग गॅरेज चालणं कठीण आहे.

तब्येतीला जपा.

तुमची भिंगरी

७ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. अगं, व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. थंडीत दाब चढत नसेल. अजून पातळ ऑइल घालून बघ. तेही लागू पडलं नाही तर हट्ट सोड आणि गॅरेज बंद करून इकडे ये. दादा त्याच्या ऑफिसात नोकरीचं बघेल.

माया आहे म्हणूनच लिहितोय.

बाबा

१२ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

बाबा, जिंकलो! ऑइलचा काही संबंधच नव्हता! या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टोकाला चक्क विजेची मोटर आहे. ती कॅमच्याच वेगाने फिरली की वेळ आहे तीच राहते. कॅमपेक्षा जोरात फिरली की व्हॉल्व्ह लवकर उघडतात, मंदावली की उशिरा. इंजिन गार असो, ऑइलला दाब नसो, तिचं काही अडत नाही. आणि आपण बापलेक गाडीला ऑइल पाजत बसलोय!

मोटरची वायर कव्हरखाली घासून तुटायला आली होती. थंडीत आकसून सुटायची, इंजिन तापलं की परत टेकायची. नवी टाकली. शनिवारी सकाळी काकूंनी स्वतः किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! बॉनेटवरचा चहासुद्धा हिंदकळला नाही. माझे हात ग्रीसने बरबटलेले, तरी काकूंनी मिठी मारली. सगळ्या टॅक्सी आपल्याकडेच राहिल्या. मी गॅरेजभर नाचले, खोटं कशाला सांगू!

लोभ असू द्या, ऑइलवरचा जरा कमी करा.

भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र तुझ्या दादाला, वहिनीला आणि शेजाऱ्यांना बळेबळे वाचून दाखवलं. नोकरीचा विषय संपला. सोमवारी येतोय, ती मोटर मला नीट समजावून सांग. आणि गॅरेजच्या पाटीवरचं माझं नाव पुसून तुझं लिहून घे. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगेन, बाईंकडे काम शिकायला आलोय.

तुझा नवा उमेदवार,
बाबा