कंठी न आलेला राघू

बोईसर,
होळीनंतरचा रविवार

प्रिय सुगंधा,

नरहरीचं कार्ड मिळालं. तुझ्या अंगात जरा ताकद येतेय हे वाचून जिवात जीव आला. खाली त्याने लिहिलंय, "राघूला सोडल्याशिवाय ताई बोईसरला यायचं नाही म्हणते." तर आधीच सांगून टाकतो, हवं तर रागव: राघू इथेच आहे. मी त्याला सोडलेला नाही. भावापुढे पत्र आपटू नकोस, माझे आई, शेवटपर्यंत वाच.

तू माहेरी गेलीस त्याच आठवड्यात मी त्याला सोडायला निघालो होतो. तुझ्या ओठाचं रक्त डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शेजारच्या जमुनाने उमरोळीहून आणलेलं ते उघडंबोडकं पिल्लू तू भाताचं शीत शीत भरवून वाढवलंस, आणि त्यानेच तुला फोडावं? त्यापेक्षा तू पदराने ओठ दाबून जे बोललीस ते जास्त लागलं. "अहो, ह्यालासुद्धा मी नकोशी झाले." मग पिंजरा सायकलला अडकवला आणि तडक खाडीकडे गेलो.

तिथे एक वाळलेला ताड आहे, नुसतं खोड उरलेलं. त्याच्या ढोलीत पोपटांनी घर मांडलं होतं आणि काय कालवा चालला होता म्हणून सांगू! ढोलीच्या तोंडाशी एक मादी बसलेली. साळुंकी आली, तिला हाकललं. दुसरा पोपट आला, त्याची पिसं उपटली. तिचा स्वतःचा नर चारा घेऊन आला तर त्यालाही आधी टोच, मग घास. बिचारा मुकाट्याने मागे सरकून बसला. मला हसूच आलं. आपला राघू पिंजऱ्यात मान वाकडी करून ऐकत होता. तेव्हा आठवलं, गेल्या साली सावर फुलली तेव्हाही तो असाच चिडका झाला होता. माझा पेपर कुरतडून त्याने पार भुगा केला होता. आपण म्हटलं, ऊन बाधलं. पावसाळ्यात तर तुझ्या खांद्यावरून हलत नव्हता. म्हणजे हे त्याचं दरसालचं असणार. पिंजरा तसाच घरी आणला.

आणि यंदा त्यात आपणच भर घातली. पौषानंतर साइटवर जाणाऱ्या ट्रकच्या आवाजाने तू दचकायचीस, आणि तू दचकतेस म्हणून राघूही दचकत असेल असं तुला वाटायचं. म्हणून तू पिंजरा खाटेखाली ट्रंकेमागे सारलास, वर घोंगडी टाकलीस, दार उघडं ठेवलंस. मऊ गरम भात तळहातावर भरवायचीस, तासन् तास मानेपासून शेपटीपर्यंत कुरवाळायचीस. माणसाला ती माया. पण पाखराला अंधारी ढोली आणि आयता मऊ घास मिळाला, त्यात हा हंगाम. त्याला वाटलं, घर मांडायची वेळ झाली. अशात तू ट्रंक ओढायला वाकलीस. तो तुला चावला नाही, सुगंधा. त्याने आपली जागा राखली.

पिंजरा मी होता तिथेच परत ठेवला. चार दिवसांनी घोंगडी उचलून बघतो तर आत अंडं. आपण वर्षानुवर्षं ज्याच्या गळ्याला नराची लाल कंठी कधी येते म्हणून वाट बघितली, तो राघू! जमुनाने डोकावून कपाळावर हात मारला. "ही तं बाई हाय, भाऊ." मग आणखी एक अंडं घातलं. जोडीदार नाही, तेव्हा पोकळच असणार हे मला कळत होतं. जमुना म्हणाली, टाकून दे. माझा हात होईना. महिनाभर ती अंड्यांवर बसून राहिली. मी लांबूनच मिरची, पेरू सरकवायचो. आणि परवा आपणहून उठली, वाटीतल्या पाण्यात अंघोळ केली, पुन्हा त्या अंड्यांकडे वळली नाही. कोणी तिला उठवलं नाही की घाई केली नाही.

ती अंडी मी परसात पपईखाली पुरली आणि तिथेच बसून ढसाढसा रडलो. पौषात आपल्या लेकीला पुरून आलो आणि दुसऱ्या सकाळी वेल्डिंगचा चष्मा लावून ड्यूटीवर गेलो, तेव्हा तुला वाटलं असेल, ह्याला काही वाटलंच नाही. मलाही ती हवी होती गं, फार हवी होती. हे तोंडाने सांगायला जमलं नाही, म्हणून हे पत्र. तू नकोशी कोणालाच नाहीस. हवं तितके दिवस बसून राहा, उठावंसं वाटेल तेव्हा ये. पिंजरा आता खिडकीत आहे. आढ्याला बांधलेली पाळण्याची दोरी मात्र मी काढलेली नाही. ती ठेवायची की सोडायची, हे तू आल्यावर दोघं मिळून ठरवू.

तुझी वाट बघणारा, तुझाच
आनंदा